तुझ्या नावाची खोली

आक्का, तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. बोलणाऱ्यांचा दोष नाही. ते खोटं तूच इतकी वर्षं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतंस, शाळेत पाढे घ्यायचीस तसं.

वाचनालयाचा हॉल भरला होता. टेबलावर तुझा फोटो होता, निवृत्तीच्या समारंभातला, ज्यात तू कुणाची तरी वही फाडायला निघाल्यासारखी दिसतेस. त्याला हार. आपले अध्यक्ष आप्पा उठले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे.

"विमलाक्कांचं एकच स्वप्न होतं," आप्पा म्हणाले. "सीमाभागातल्या आपल्या पोरांच्या हातात मराठी पुस्तक यावं. त्यासाठी त्या माउलीनं या वयात व्हिडिओ गेमसारखी गोष्टसुद्धा जवळ केली. कशापायी? आमिष म्हणून. मला कायम म्हणायच्या, आप्पा, खेळता खेळता पुस्तकाकडं वळतील. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, वळली. आता आक्का न्हाईत. मागच्या खोलीतलं ते यंत्र काढू या आणि तिथं आक्कांच्या नावानं शांत वाचनकक्ष करू या. हीच खरी श्रद्धांजली."

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही कुणाला सुचलं नाही.

मी दाराशी उभी होते. शेजारी मंगल होती, विड्या वळून थेट आलेली, बोटांना तंबाखूचा वास, दोन्ही मुली पुढ्यात. ती माझ्या कानाशी आली. "ताई, म्हंजे टीव्ही काढणार?"

"काढणार."

"मग आक्काचं नाव कशाला?"

शोकसभेत ऐकलेला हा एकच शहाणा प्रश्न. आणि त्याचं उत्तर द्यायला तू हजर नव्हतीस, हे अगदी तुझ्यासारखंच झालं.

मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल. कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे, सभेत बसायला खुर्ची, पण मत नाही. मत तुला होतं. कार्यकारिणीत तू एकटी बाई आणि गणिताची मास्तरीण, त्यामुळे तुझं एक मत मोजायला सगळे घाबरायचे. आपली ओळख त्याआधीची. एकाच गल्लीत मी लहानाची मोठी झाले. तू माझी शिक्षिका कधी नव्हतीस, म्हणूनच मी तुला 'अगं' म्हणू शकत होते. गावात तुला 'अगं' म्हणणारी मी एकटीच उरले होते बहुतेक. आता ते कुणाला म्हणू?

तू मोठी पिशवी घेऊन आलीस तो दिवस मला स्पष्ट आठवतो. तुझ्या मुलानं बंगळूरला नवीन घर घेतलं आणि जुना गेम टाकायला काढला होता. तू तो बसमधून मांडीवर ठेवून आणलास. वायरी पिशवीतून बाहेर लोंबत होत्या.

"हे काय गं?"

"खेळ. मागची खोली मोकळी आहे न्हवं?"

मागची खोली म्हणजे जुना कॅरम असलेली, ढेकूण झालेल्या खुर्च्यांची खोली. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. मी म्हटलं, कार्यकारिणी मारेल. तू म्हणालीस, "कार्यकारिणीला भूक लागते."

त्या वेळी मला याचा अर्थ कळला नाही. सभेत कळला. आपल्या कार्यकारिणीतली बहुतेक माणसं जैन घरांतली. तंबाखूची वखार असो की उसाची शेती, दिवस मावळायच्या आत ताटावर बसायचं म्हणजे बसायचं. त्यानंतर पाण्याचा घोटही नाही. तू त्यांच्यातलीच, त्यामुळे कुठल्या घरी किती वाजता भाकरी तव्यावर पडते हे तुला पाठ. सभा कायम दुपारी सुरू व्हायची आणि अवघड विषय तू कायम शेवटी ठेवायचीस. ऊन जमिनीवरून सरकत कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं की सगळ्यांची नजर खिडकीकडे जायची. मग तू उठायचीस.

"मागच्या खोलीत मुलांसाठी दृक्‌श्राव्य उपक्रम."

"म्हंजे काय, आक्का?"

"टीव्हीवर खेळ लावायचे. खेळता खेळता पुस्तकाकडं वळतील."

आप्पांनी खिडकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मंजूर, मंजूर. चला, दिवस बुडाला."

असा आपला गेम मंजूर झाला. मी हसले तेव्हा. तू तर पदर तोंडावर धरून हसलीस. आणि खेळाची वेळही तू तीच ठेवलीस, कार्यकारिणी घरी जेवायला बसते ती. मंगळवार आणि शुक्रवार, दिवस मावळताना. त्या वेळी वाचनालयात एकही पदाधिकारी सापडणार नाही, याची खात्री खुद्द सूर्याने दिलेली.

पहिल्या दिवशी मुली आल्या आणि कुजबुजत खेळू लागल्या. चौघांनी मिळून हॉटेल चालवायचा तो गेम: एकानं कांदा चिरायचा, एकानं भात शिजवायचा, एकानं ताटं धुवायची, एकानं गिऱ्हाइकाला वाढायचं, आणि वेळ संपायच्या आत सगळं. कुजबुजत ते जमणारच नाही. भात जळला, गिऱ्हाईक उठून गेलं. तू पाटीकडे पाहिलंस. स्टुलावर चढून ती काढलीस आणि टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून ठेवलीस. खिळा तेवढा राहिला.

"आता ओरडा," तू म्हणालीस.

त्यानंतर जे ओरडणं सुरू झालं, ते रस्त्यापर्यंत जायचं. "उळ्ळागड्डी कोडऽ!" अशी एक किंचाळायची, आणि दुसरी, जिच्या घरात कानडी कुणी बोलत नाही, बरोब्बर कांदा फेकायची. कानडी शाळेतली पोरं, उर्दू शाळेतली पोरं, आपली मराठी शाळेतली. आमच्या मराठी वाचनालयाची पायरी यातल्या कित्येकांच्या घरातलं कुणी कधी चढलं नव्हतं. भाषेवरून आपल्या भागात किती पाट्या फुटल्या हे तुला मी सांगायला नको. त्या खोलीत भाषेचा उपयोग एकच होता, भात जळायच्या आत तो उतरवणे.

मंगल पहिल्यांदा मुलींना न्यायला आली आणि दारात उभी राहिली. तिचा नवरा मच्छे गावातल्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा येणार. ती दिवसभर मान खाली घालून विड्या वळणार. तू तिच्या हातात गेमचा रिमोट दिलास. पोरं त्याला रिमोटच म्हणतात, मीही म्हणते.

"मला कुठलं येतंय, आक्का?"

"विडी वळायला येती न्हवं? मग हे दोन बोटांचं काम हाय. बस."

आणि बसली. पहिल्याच डावात मुलीवर खेकसली, "ताट धू की गं! घरी पण अशीच बसतीस!" तिची मुलगी एवढी हसली की तिच्या हातून रिमोट पडला.

मला तू मारून मुटकून बसवलंस. मी म्हणाले, मला हिशेब लावायचेत, पुस्तकांची बांधणी करायचीये. तू म्हणालीस, "सुनंदा, लग्नानंतर तू शेवटचा कुठला खेळ खेळलीस?" मला एकही आठवेना. मग बसले. ताटं धुवायचं काम मला लागलं. घरीही तेच, गेममध्येही तेच, म्हणून मी वैतागले. आणि पुढच्या डावाला गिऱ्हाइकाला वाढायचं काम हिसकावून घेतलं. वाढायला मी वाईट नाही. ओरडायलाही नाही. हे मला माझ्या या वयात कळलं आणि ते तू कळवलंस. त्याचे आभार मी तुला कधी मानले नाहीत. आता मानते. राग संपला असा अर्थ काढू नकोस.

राग आमिषाचा आहे.

पोरं पुस्तकाकडे वळली नाहीत, आक्का. तुलाही माहीत होतं, मलाही. एखाददुसरी वळली असेल, ती एरवीही वळली असती. बाकीची खेळायला यायची, खेळायची, घरी जायची. आणि माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच होतं की त्यात बिघडलं काय? दुसऱ्याच्या घरातल्या माणसाबरोबर बसून एक काम तडीला न्यायचं, हरलं तरी पुन्हा मांडायचं, आईला मुलीवर आणि मुलीला आईवर हक्कानं ओरडता यायचं, ही गोष्ट गावाच्या पैशानं उभ्या असलेल्या खोलीत होत असेल, तर ते वाचनालयाचं कामच आहे. ते पुस्तकाच्या नावानं का विकायचं? पण तू दरवर्षी सभेत उठून तेच वाक्य म्हणायचीस. खेळता खेळता वळतील. वळताहेत. वळू लागलीत.

कितीदा भांडलो आपण यावर.

"आक्का, खरं सांग त्यांना."

"काय खरं?"

"की ही पोरं वाचत न्हाईत. खेळत्यात. आणि तेवढं पुरतं."

"पुरतं हे तुला पटलंय, मला पटलंय. आप्पाला पटायला सात जन्म लागतील. आणि आम्हा जैनांना जन्म कमी करायचे असत्यात."

मी हसायचे आणि भांडण तिथेच सुटायचं. तुझी ती युक्तीच होती. मला हसवायचं आणि पुढे जायचं. आप्पांना भूक, मला हसू. प्रत्येकाला काय दाखवलं की तो वाद सोडतो, हे तू हेरून ठेवलेलं.

आणि तो चष्म्याचा दिवस. आप्पा जेवायला गेले खरे, पण चष्मा टेबलावर विसरले. जेवणाआधीच परत आले. फाटकाशी स्कूटरचा आवाज झाला आणि तू टीव्ही बंद करून ओरडलीस, "पुस्तकं घ्या रं!" पोरांनी हाताला लागेल ते उचललं. कुणाच्या हातात पंचांग, कुणाच्या हातात द्राक्षलागवड, एकीच्या हातात उलटं धरलेलं काहीतरी. खोलीत चिडीचूप. आप्पा दारात आले आणि बघतच राहिले. चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर, नाहीतर पुस्तक उलटं दिसलं असतं. डोळ्यांत पाणी मात्र आलं, ते मला दिसलं. "चालू द्या, चालू द्या," म्हणून पाय न वाजवता गेले. तू त्यानंतर बराच वेळ हसत होतीस. मी हसले नाही. म्हातारा माणूस पावलं न वाजवता गेला, हे माझ्या मनातून जाईना. तुला म्हणाले, "हे बरं न्हाय केलंस."

"अगं, आनंदानं गेला. तुझं काय जातंय?"

शोकसभेत ते म्हणाले 'मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय', ते हेच.

सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोट न घेणारी बाई तू. कंदमुळं नाहीत, चातुर्मासात हिरवी भाजी नाही, मुंगी दिसली तर फुंकर मारून बाजूला करणार. आणि दिवसाढवळ्या, घड्याळ बघून, ठेवणीतलं खोटं बोलणार. हे तुझ्या डोक्यात एकत्र कसं राहत होतं, हे मला कधी समजलं नाही. विचारलं की म्हणायचीस, "तुला आमचं कळायचं न्हाय." ठीक आहे. नाही कळत.

जेवणाचंही तेच. खेळाची वेळ तीच तुझ्या जेवणाची. कार्यकारिणी घरी जाऊन जेवायची आणि तू इथं पोरांबरोबर भात शिजवायचीस, टीव्हीवरचा. दिवस बुडाला की तुझं तोंड बंद. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असलेली बाई आठवड्यातून दोन रात्री उपाशी. मी डबा आणायचे, चारला उघडून तुझ्यासमोर ठेवायचे.

"आत्ता खा."

"चारला भूक कुठली गं? गाय हाय का मी?"

"मग वेळ बदल. खेळ आधी घे."

"आधी घेतला तर आप्पा हितंच असतोय."

म्हणजे एका खोट्यासाठी तू उपाशी राहायचीस. खरं सांगितलं असतंस तर खेळ दुपारी झाला असता आणि तू घरी जाऊन गरम भाकरी खाल्ली असतीस. एवढा सोपा हिशेब गणिताच्या बाईला जमला नाही. डॉक्टर म्हणतात, तुझ्या हृदयाचं दुखणं वेगळं, त्या उपवासांचा संबंध नाही. डॉक्टर आपल्या कार्यकारिणीत आहेत, माणूस खोटं बोलणारा नाही. तरी मला ते पटत नाही. पटवून घ्यायची इच्छाही नाही.

शेवटचं भांडण शुक्रवारचं. पोरं गेली होती, मी वायरी गुंडाळत होते. पुन्हा तोच विषय मी काढला. या वेळी तू हसवलं नाहीस. खुर्चीत बसून राहिलीस, थकलेली.

"बरं. सांगते. वार्षिक सभेत सांगते. शेवटी न्हाय, पहिल्याच विषयाला. झालं?"

"तू सांगणार न्हाईस."

"बघ की."

मंगळवारी सकाळी तू गेलीस. खेळ व्हायच्या आधी. वार्षिक सभा अजून लांब होती. तू सांगितलं असतंस की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. आणि तुझ्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे. भांडण अर्धं टाकून उठायचं नसतं.

शोकसभेनंतर दुसऱ्याच दिवशी आप्पांनी तुझा फोटो मागच्या खोलीत नेला. खिळा आयता होताच. टीव्हीवर चादर टाकली. वाचनकक्षाचा विषय पुढच्या सभेत घ्यायचा ठरला, शेवटचा.

मी आप्पांकडे गेले. "हा विषय पहिला घ्या."

"ल्हान विषय हाय की, सुनंदाताई. शेवटी दोन मिनिटांत होतोय."

"दोन मिनिटांत होतोय म्हणूनच."

ते माझ्याकडे बघून बारीकसं हसले. विषय शेवटी ठेवायची तुझी युक्ती त्यांना पहिल्यापासून कळत होती की काय, असं मला तेव्हा प्रथम वाटलं. भूक तर त्यांची होती ना.

"मग असं करू," मी म्हणाले. "सभाच जेवणानंतर ठेवा. सगळे जेवून या. मागच्या खोलीत बसू."

"जेवून?"

"व्हय. पोटभर जेवून या. मग कुणाला घाई नसतीया."

आपल्याकडे जेवून या म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? शुक्रवार ठरला.

मी मंगलला आणि पोरांना सांगितलं, नेहमीसारखं या. चादर काढली. कार्यकारिणी आली तेव्हा डाव रंगात होता. आठ-दहा पोटभर जेवलेली माणसं लोखंडी खुर्च्यांवर बसली आणि समोर मंगल बेभान होऊन ओरडत होती, "कांदा! अगं कांदा! मेलीस काय?" मग तिला मागे कोण बसलंय ते दिसलं आणि तिनं जीभ चावली. डॉक्टर म्हणाले, "चालू दे, चालू दे. गिऱ्हाईक उठंल." डाव संपेपर्यंत सगळे थांबले. आप्पासुद्धा. आप्पांचा पाय हलत होता, ते मी पाहिलं.

मग मी उठले. उभं राहून मोठ्यानं बोलायची सवय याच खोलीत लागली होती.

"ही मुलं पुस्तकं वाचत न्हाईत," मी म्हणाले. "आधी वाचत नव्हती, आत्ता वाचत न्हाईत. ही खेळायला येतात. आक्कांनी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं. खोली चालू ठेवायची तर खेळासाठी ठेवा, बंद करायची तर खेळ नको म्हणून करा. पुस्तकाचं नाव मधी नको."

आप्पा फोटोकडे बघत होते.

"मी चष्मा विसरलो त्या दिवशी," ते हळू म्हणाले. "पोरांच्या हातात पुस्तकं होती."

"आक्कानं घ्यायला लावली. तुमच्या स्कूटरचा आवाज आला म्हणून."

"माझं उलटं हुतं," मंगलची थोरली मुलगी म्हणाली. कुणीतरी हसलं.

"म्हंजे आक्का माझ्याशी खोटं बोलली."

तुझ्या फोटोखाली उभी राहून मी म्हणाले, "व्हय."

आक्का, तुझ्याशी इतकी भांडले, पण असं जड मला कधी गेलं नाही. आणि तू फोटोत वही फाडायच्या बेतात.

"तिनं सरळ मागितलं असतं तर मी दिलं असतं," आप्पा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "न्हवता देत, आप्पा."

आप्पांनी चष्मा काढला. कडोलीच्या साहित्य संमेलनाला जाऊन आले की महिनाभर वाचनसंस्कृतीवर बोलणारा माणूस. ही इमारत उभी राहावी म्हणून उन्हातान्हात हिंडलेला माणूस. "न्हाय," ते म्हणाले. "दिलं नसतं."

तेव्हा मंगल बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "आप्पा, आमी दिसभर मान खाली घालून गप वळतोय बघा. घरात आवाज चढवला तर सासू, भाईर चढवला तर लोक. हितं पोरींसंगट आरडायला मिळतंय. तुमी पुस्तकाचं म्हणता. मला वाचाय येतंय तेवढंच येतंय. पर हितं यायचं बंद झालं तर मी दुसरं कुठं जाऊ, ते तेवढं सांगा."

पोट भरलेलं होतं, दिवस बुडून गेला होता, खिडकीकडे बघून सुटका करून घ्यायची सोय नव्हती. तिथंच बसून उत्तर द्यावं लागणार होतं.

आप्पा उठले. "खोली चालू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "खेळ म्हणूनच चालू ऱ्हाऊ दे. पण आक्काचं नाव लागणार न्हाय. मला फसवलेल्या बाईच्या नावाची पाटी मी लावणार न्हाय. ह्या खोलीला न्हाय, कुठल्याच न्हाय."

मला वाद घालता आला असता. तुझ्या बाजूनं बोलायला मुद्देही होते. तुझ्याशिवाय ही खोलीच नसती, हे एक वाक्य तरी म्हणता आलं असतं. मी नाही म्हणाले. नाव मागत बसले असते तर खोली पुन्हा वादात गेली असती. दोन्हींतलं एकच मिळणार होतं आणि तुला विचारलं असतं तरी तू खोलीच घेतली असतीस, असं मी स्वतःला सांगते. तू खरंच काय म्हणाली असतीस ते मात्र नक्की सांगता येत नाही, तुझा भरवसा असा कधी होता?

आप्पांनी स्वतः फोटो काढला. हार बाजूला ठेवला, रुमालानं काच पुसली, फोटो काखेत धरला. "हा मी घरी नेतो," म्हणाले. का, ते सांगितलं नाही. त्यांच्या सुनेकडून कळलं की त्यांनी तो स्वतःच्या खोलीत लावलाय. फसवणारीचा फोटो. तुमचं एकमेकांत काय होतं ते तुमचं तुम्हाला; मला तुमचं कळायचं नाही.

आता खेळ दुपारीच असतो, उजेडात, दार उघडं टाकून. आप्पा समोरच्या हॉलमध्ये पेपर वाचत बसतात आणि मधूनच ओरडतात, "भात करपला का गं?" दिवस मावळायच्या आत सगळे घरी जातात, जेवतात. हे तुझ्या हयातीत करता आलं असतं. हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, ऐकायला तू नसलीस तरी.

भिंतीवर तुझं नाव नाही, फोटो नाही. 'शांतता राखा'ची पाटीही परत लावली नाही. खिळा आहे. रिमोटच्या वायरी मी त्याला अडकवते. टेबलावर ठेवल्या की पोरांच्या पायात येतात.

राग आला असेल तर ये. भांडायला ये. अर्धं राहिलंय आपलं. पण या वेळी जेवून ये.